जीन बंद केला की कॅन्सरची पेशी थांबते का? ओरखडा काढून बघा

स्नेल हा जीन ई-कॅडहेरिनला दाबतो, म्हणजे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारा गोंदच कमी होतो आणि त्या सुटून पळायला लागतात. बघायचं असेल तर ब्रेस्ट कॅन्सरच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी घ्या (एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्याच दुसऱ्या पेशी सरकायला फारच आळशी), प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) स्नेलचा एसआयआरएनए (जीन बंद करणारा आरएनएचा छोटा तुकडा), दुसऱ्यात तुलनेसाठी स्क्रॅम्बल्ड, म्हणजे कुठलाच जीन बंद न करणारा तुकडा. वेल पेशींनी गच्च भरला की २०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपने एकच सरळ ओरखडा, मग पीबीएसने (पेशींना न दुखावणाऱ्या खारट द्रावणाने) हलकेच धुवा नाहीतर सुटलेल्या पेशी तरंगत परत फटीतच बसतात. सीरम (पेशींना वाढवणारा खुराक) कमी ठेवा, नाहीतर फट पेशी सरकून भरली की वाढून, काही कळत नाही. प्लेटखाली मार्करने खूण करा, ० आणि २४ तासांना त्याच जागेचा फोटो, आणि कुठल्या वेलमधली फट कमी भरली ते ताडून बघा. मी एकदा खूण विसरले, अख्खा आठवडा पाण्यात.