घळईत उतरून क्लाइंब करताय? रोप ओढायच्या आधी हे बघा

साध्या कड्यावर जमलं नाही तर खाली उतरून घरी जाता येतं, पण घळईत सगळं उलटं असतं. फ्रान्समधल्या वेर्दाँ घळईत कितीतरी रूट असे आहेत की आधी वरून रॅपल करत, म्हणजे रोपवरून सरकत, उतरायचं आणि मग चढूनच बाहेर यायचं. अमेरिकेतल्या ब्लॅक कॅन्यनमध्ये उभ्या नाळेतून उतरून जातात, तिथंही परत यायचं म्हणजे चढायचंच. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, वरच्या अँकरमधून (रोप ओवायचा कड्यावरचा पक्का आधार) रोप खाली ओढलीत की परतीची वाट बंद, तेव्हा ठरवायचं ते सगळं त्याआधी ठरवा.

आधी हिशोब. ६० मीटरची रोप डबल केली की ३० मीटरच उतरता येतं, त्याहून लांब रॅपल असेल तर दोन रोप जोडा, गाठीची टोकं किमान ३० सेंटीमीटर मोकळी ठेवा आणि कुठली रोप ओढायची ते दोघांनी मोठ्यांदा बोलून घ्या, लाल म्हणजे लाल. खालच्या दोन्ही टोकांना स्टॉपर गाठ हवीच, म्हणजे रोपच्या टोकावरून निसटायला होत नाही, आणि उतरायच्या डिव्हाइसखाली प्रुसिक, म्हणजे हात सुटला तरी रोप आवळून धरणारी बारीक दोरीची गाठ.

पहिला खाली पोचला की त्यानं लगेच हार्नेस ढिला करून बसू नये, मीटरभर रोप ओढून बघावी. वरचा माणूस रोप जोडणाऱ्या गाठीकडे बघत असतो, ती सरकली तर ठीक, कडेला अडकली तर तो अजून वरच आहे, अँकरची स्लिंग (पट्टा) लांब करून गाठ कडेच्या बाहेर आणू शकतो. दोघंही खाली आल्यावर हे कळून काही उपयोग नाही. आणि ओढण्याआधी टोकाच्या गाठी सोडा!! मी एकदा विसरलो, वर जाणारं टोक पार वरच्या अँकरच्या रिंगला जाऊन अडकलं आणि ती रोप सोडवण्यात आमची अख्खी दुपार गेली, चढाई राहिलीच.

तळाशी नदी असेल तर पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून रोपच्या झटक्यांची खूण आधीच ठरवा. हेल्मेट नाळेत शिरतानाच घाला, दगड तिथंच जास्त सुटतात. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडला की पाणी घळईत येतं, तेव्हा फोरकास्ट अख्ख्या खोऱ्याचं बघा. वालुकाश्म असेल तर पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत चढूच नका, ओला झाला की होल्ड तुटतात आणि खडकात बसवलेलं गिअरही उपटून येतं.

हेडटॉर्च आणि शिटी प्रत्येकाच्या अंगावर पाहिजे, बॅगेत नाही. मदत हवी असेल तर मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. वर कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर रेस्क्यूला फोन कर, कारण घळईत मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरायचंच नाही.