घरची बिअर: ताजी कशी ठेवावी, मित्रांपर्यंत कशी पोचवावी

शाळेत असताना पावसात दप्तर भिजलं की वह्यांच्या खाकी कव्हरांना एक वास यायचा. माझ्या चौथ्या घाण्याच्या बिअरला महिन्याभरात नेमका तोच वास आला. (एका वेळी बनवलेल्या बिअरला आमच्या घरात घाणाच म्हणतात, चकल्यांसारखा.) माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं), यीस्ट सगळं रेसिपीबरहुकूम होतं. घोळ झाला तो शेवटच्या दिवशी. बाटलीवर नरसाळं ठेवून मी वरून धार सोडली होती, गरम चहा गार करायला सोडतात तशी.

त्या धारेबरोबर हवा आत गेली आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुढचं काम केलं. पुठ्ठ्यासारख्या त्या वासामागच्या पदार्थाचं नाव ट्रान्स-२-नॉनेनल. लिटरभर बिअरमध्ये तो मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतका असला तरी नाकाला कळतो. म्हणून फ्रिज वगैरे नंतर; बिअर किती टिकणार याचा निकाल बाटल्या भरायच्या दिवशीच लागतो.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला राहतो. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, आणि विकायची अजिबात नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हे वाचून पातेलं चढवू नये. तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि बिअरही त्यातच येते.

आधी ग्रॅव्हिटी, मग बाटल्या

बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपलं, असं धरून चालू नका. हायड्रोमीटरने बिअरची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, आज मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा तोच, समजा १.०१२, आला तरच पुढे जा. साखर शिल्लक असताना झाकण लावलं तर बाटली फुटते आणि काचा कपाटभर होतात.

बाटल्या

तपकिरीच घ्या. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि त्याला स्कंक या घाण वास फवारणाऱ्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. रात्री महामार्गावर काचा बंद असूनही गाडीत शिरतो, तोच तो वास. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते; हिरवी आणि पारदर्शक काच जवळपास अडवतच नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या नकोत, आपल्या हातयंत्राने लावलेलं झाकण त्यांवर घट्ट बसत नाही. आमच्याकडे रिकामी बाटली परत केली की १० सेंट मिळतात, पण बिअर बनवणारा माणूस त्या १० सेंटांवर पाणी सोडून गॅरेज बाटल्यांनी भरतो.

बाटल्या आधी स्वच्छ धुवा, मग स्टार सॅनसारख्या सॅनिटायझरने विसळा. प्रमाण लिटरला साधारण दीड मिली. आत फेस राहतो, तो राहू द्यायचा, पाण्याने धुवायचा नाही. एकदा मी पन्नास बाटल्या तयार करून ओट्यावर उपड्या ठेवल्या आणि फोन घ्यायला बाहेर गेलो. परत येतो तर सासूबाईंनी एकूण एक बाटली नळाखाली धरून लखलखीत केलेली. “साबण राहिला होता हो सगळ्यात,” त्या म्हणाल्या. काय बोलणार? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

भरणं

इथे मात्र घाई नको. बाटलीत फेस धरावा म्हणून आता मोजून थोडी साखर घालायची: १९ लिटरच्या घाण्याला साधारण १२० ग्रॅम कॉर्न शुगर लागते. ती अर्ध्या लिटर पाण्यात पाचेक मिनिटं उकळा, गार करा आणि भरणीच्या बादलीत तळाला ओता. बादली आधी सॅनिटाइझ केलेली हवी. आता सायफनची नळी बादलीच्या तळाला, कडेने वळवून ठेवा, म्हणजे येणारी बिअर गोल फिरत साखरेत आपोआप मिसळेल. रवी लावल्यासारखं घुसळू नका. नळीचं तोंड कायम बिअरच्या पातळीखाली असावं. खळखळ आवाज आला की समजा हवा शिरतेय.

बाटल्यांसाठी बॉटलिंग वाँड घ्या. ही साधी प्लास्टिकची नळी असते, टोकाला स्प्रिंगची झडप. टोक बाटलीच्या तळाला टेकवलं की बिअर येते, उचललं की थांबते. बाटली अगदी काठोकाठ भरायची. वाँड बाहेर काढला की पातळी आपोआप हवी तेवढी, बोटभर खाली येते. झाकण आधी नुसतं वर ठेवा, पाचसहा बाटल्या झाल्या की दाबून बसवा. ऑक्सिजन शोषणारी झाकणं थोडी महाग पडतात, पण हॉप्सचा मारा असलेल्या आयपीएसाठी (इंडिया पेल एल) मी तीच वापरतो. धुकट न्यू इंग्लंड आयपीए हवेला सगळ्यात हळवी. तिचा संत्र्याच्या रसासारखा रंग बघता बघता मळकट जांभळट होतो आणि सुगंध त्याआधीच उडालेला असतो. ती बाटलीत न भरता केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, आधी कार्बन डायऑक्साइडने हवा हाकलून, भरलेली बरी.

बाटलीतलं यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन थोडाफार खातं, हे खरं. पण त्याच्या भरवशावर नरसाळं हातात घेऊ नका.

ठेवणं

पहिले दोन आठवडे अंधारात, उभ्या, २० ते २२ अंशांवर. एक बाटली उघडून बघा. फेस नीट धरला असेल तर बाकीच्या सगळ्या फ्रिजमध्ये. बिअरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, ३-३०-३००: ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअर जेवढी उतरते तेवढी उतरायला २२ अंशांवर ३० दिवस लागतात आणि ३ अंशांवर ३००. जून २०२१ मध्ये पोर्टलंडचा पारा ४६ अंशांवर गेला, तेव्हा माझ्या गॅरेजात गव्हाच्या बिअरच्या दोन पेट्या होत्या. त्यांचं काय झालं ते या हिशेबावरून ओळखा.

झाकणावर मार्करने घाण्याचा क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहा. गव्हाची बिअर आणि आयपीए पहिल्या महिना-दीड महिन्यात संपवा. बार्लीवाइन किंवा काळी इम्पिरिअल स्टाउट अशा दमदार बिअर मात्र वर्षभर विसरून जायला हरकत नाही. त्यांच्यात येणारी मनुकांची, शेरीसारखी चव मुरलेल्या मोरांब्यासारखी चांगली लागते.

वाटणं

पन्नास बाटल्या दोघांनी महिन्यात संपवणं बरं नव्हे. तेव्हा वाटप हाही ताजेपणाचाच भाग. ओरेगनात याचीही पंचाईत झाली होती: २०१० मध्ये जुन्या कायद्याचा अर्थ असा लावला गेला की घरची बिअर घराबाहेर नेताच येत नाही, आणि त्या वर्षी स्टेट फेअरमधली स्पर्धाच रद्द झाली. २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तुमच्या राज्यात काय चालतं ते बघून घ्या.

टपालाने पाठवू नका, अमेरिकी टपाल खातं मद्य स्वीकारत नाही. विमानाने जात असाल तर बाटल्या चेक-इन बॅगेत, जाड मोज्यांत घालून. गाडीने नेताना बर्फाच्या पेटीत, उभ्या. पोचल्यावर तासभर तरी हलवू नका, नाहीतर तळाचा गाळ वर येतो. ओतताना एका दमात ओता आणि शेवटचा बोटभर थर बाटलीतच राहू द्या. स्टाउटमध्ये दुधाची साखर किंवा काजू-बदाम घातले असतील तर ग्लास हातात देण्याआधी सांगा.

“कशी झालीये?” असं विचारलंत तर सगळे “मस्त” म्हणतील. त्यापेक्षा नेमकं विचारा: पुठ्ठा जाणवतो का? पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास येतो का? स्पर्धांचे परीक्षक बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्यावर ५० पैकी गुण देतात: चवीला २०, वासाला १२, दिसण्याला फक्त ३. आम्ही तोच तक्ता छापून जेवणाच्या टेबलावर ठेवतो. माझ्या पुठ्ठेवाल्या घाण्याला २१ पडले होते.

आणि बाटल्या? त्या उघडल्या की लगेच विसळायच्या, गाळ वाळला की निघता निघत नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही हा आपला नियम मी आमच्या कंपूत रुजवलाय. त्यामुळे सध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात माझ्या सहा बाटल्या आहेत आणि त्यांतल्या एकीतही माझी बिअर नाही.