फोन वाजला की आधी वेदना ओळखा

ध्यानाला वेगळा तास मिळत नाही म्हणून साधना सोडू नका. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या साधनेवरच्या बुद्धांच्या पाली उपदेशात, चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही अवस्थांत सजग राहायला सांगितले आहे. खाणेपिणे, कपडे घालणे, बोलणे, गप्प राहणेही त्यात येते. म्हणजे मांडी घालून बसणे हा साधनेचा फक्त एक भाग आहे.

सुरुवातीला रोजची एकच गोष्ट धरा. माझ्या मते फोन सर्वांत चांगला, कारण तो दिवसभर आपल्याला ओढत असतो. तो वाजला की लगेच हात घालू नका. एक श्वास आत, एक बाहेर. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. तो मुद्दाम बदलायचा नाही. मग पाहा, नाव दिसताच शरीरात काय झाले? छाती आवळली, की बरे वाटले, की काहीच नाही? सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशा तीन प्रकारच्या वेदना बुद्धांनी या सुत्तात सांगितल्या आहेत. वेदना म्हणजे इथे अनुभवाची बरी, वाईट किंवा मधली जाणीव, केवळ दुखणे नव्हे, हे मराठी माणसाला मुद्दाम लक्षात ठेवावे लागते. सुखद वेदनेमागून हाव येते, दुःखद वेदनेमागून चीड. ती वेदना तिथेच ओळखली तर पुढचा शब्द निवडायला क्षणभर सवड मिळते.

दिवसातून दहा वेळा विसराल. पाली ‘सति’ या शब्दाचा मूळ अर्थच स्मरण आहे, त्यामुळे विसरल्याचे ध्यानात आले तो क्षणही साधनेतलाच. स्वतःवर चिडू नका, पुढच्या फोनला पुन्हा एक श्वास घ्या.