कानामागची गाठ, विमान आणि लेहचा बेत

आमच्या वाडीत एक ठाम मत आहे: "विमानात कानातली गाठ फुटतली." मी देवगडची. माझ्या डाव्या कानाच्या नसेवर ॲकॉस्टिक न्यूरोमा आहे, म्हणजे कॅन्सर नसलेली, हळू वाढणारी गाठ. डॉक्टर दरवर्षी एमआरआय काढून तिच्यावर नजर ठेवतात. डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही, शिट्टी मात्र अखंड चालू. तरी दिल्लीला लेकीकडे मी विमानानेच जाते.

गाठ का फुटत नाही, हे आंबोली घाटात कळतं. वर, साधारण ६९० मीटरवर, पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घट्ट बंद करा आणि सावंतवाडीला उतरल्यावर बघा. चेपलेली असते. खाली हवेचा दाब वाढला आणि आतली हवा दबली. दाबाचा हा खेळ कोंडलेल्या हवेशी चालतो. अशी हवा कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत असते. गाठ त्याहून आत, कवटीच्या हाडातल्या नळीत, नसेला धरून असते. तिच्यात हवाच नाही. त्यामुळे दडे बसतात ते सर्दीपडशाने बसतात तसेच, गाठीमुळे नव्हे.

म्हणून पहिल्या विमानप्रवासाआधी एकदा घाट चढून उतरा. दडे सुटायला किती वेळ लागतो, चक्कर येते का, हे घरच्या माणसांसोबत कळलेलं बरं. विमानाच्या आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे आंबोलीच्या तिप्पट उंची धरा. त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. विमान खाली येऊ लागलं की झोपायचं नाही, गिळत राहायचं. गोळ्या-चॉकलेटं देणारे देतात, पण आमसुलाच्या तुकड्याला तोड नाही. जिभेवर ठेवला की लाळ सुटते आणि आपोआप गिळलं जातं. नाक दाबून जोरात फुंकर मारू नका. सर्दी असेल तर नाकात घालायचे थेंब डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा.

ऑपरेशन झालेल्यांचं गणित वेगळं. कवटी उघडल्यावर आत थोडी हवा राहू शकते आणि ती विमानात फुगते. सर्जनने तारीख दिल्याशिवाय तिकीट काढू नका, मग घरात कुणाचं लग्न असो. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर विमान राहू द्या, आधी सर्जनला फोन करा. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून डोळा नीट मिटत नसेल, तर विमानातल्या कोरड्या हवेत डोळ्याचे थेंब हाताशी हवेत.

सीट कानाप्रमाणे निवडा. तीन-तीन सीटांच्या विमानात डावा कान गेलेल्यांनी ए किंवा सी, उजवा गेलेल्यांनी एफ किंवा डी घ्यावी. ए आणि एफला गेलेला कान खिडकीकडे जातो. सी आणि डीला चांगला कान वाटेकडे राहतो, हवाईसुंदरी काय विचारते ते ऐकू येतं. एका कानाने आवाज कुठल्या दिशेने आला ते कळत नाही, म्हणून विमानतळावर घोषणांच्या भरवशावर राहू नका, बोर्ड बघत राहा.

तोलाचं म्हणाल, तर गाठीमुळे त्या कानाचा तोल सांभाळायला भरवसा नाही, म्हणून आपण डोळे आणि पायांवर चालतो. अंधार पडला की डोळे गेले, आणि बसवरून विमानाच्या शिडीवर चढताना पायांचाही भरवसा नाही. कठडा धरा. व्हीलचेअर मागायला लाजू नका. मी मागते आणि आरामात जाते.

आता लेह. माझ्या भाच्याने बेत काढला तेव्हा सगळे विमानाचीच चर्चा करत होते. खरी चर्चा लेहची हवी. विमान ८ हजार फुटांची हवा देतं, लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे, आणि तिथे काही तास नाही, दिवस काढायचे असतात. उंची बाधली की डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याला यातलं निम्मं घरीही होतं! उंची लागण्यावर देतात ती डायमॉक्सची गोळी बोटांना, कधी तोंडाभोवती मुंग्या आणते. मोठ्या गाठीनेही चेहरा बधिर होतो. मग कशाचं काय, कोण ठरवणार? गाठ मोठी असेल किंवा डोक्यात पाणी साठल्याचं निदान झालं असेल, तर न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय लेहचं नाव काढू नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डायमॉक्सआधी तेही सांगा.

डॉक्टरांनी होकार दिला तर एक काम घरी करून जा. उंचीने मेंदूला सूज आली का हे बघायला माणसाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालायला लावतात. मी ते आमच्या ओसरीवर, लादीच्या रेघेवर करून बघितलं, तर समुद्रसपाटीलाच डावीकडे कलंडले. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. तुम्हीही घ्या, सोबतच्या माणसाच्या फोनवर ठेवा. लेहला चाल त्याहून बिघडली, उलट्या थांबेनात किंवा माणूस भलतंच बोलू लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा आणि खाली उतरायची तयारी करा. डॉक्टरला तो व्हिडिओ आधी दाखवा.