डिसअसेंब्लरचं डीकोड टेबल बनवताय? या चुका टाळा

आमचं दुकान दिग्रस-दारव्हा रस्त्यावर. येतं ते पंपाच्या ऑटो-स्टार्टरचं काम, वजनकाट्यांचं, कधी एखाद्या जुन्या इन्व्हर्टरचं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते, सर्किटचा कागद कोणाकडे नसतो, आणि बोर्डावर ८०५१ जातीची मायक्रोकंट्रोलर चिप बसलेली. लॉक बिट (कोड वाचू न देणारं कुलूप) लावलेले नसले तर आतला कोड वाचता येतो. मग तो समजून घ्यायला डिसअसेंब्लर लागतो, म्हणजे नुसत्या बाइटांचं वाचता येण्याजोग्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम. तयार मिळतात, तरी शिकायला येणारं प्रत्येक पोरगं स्वतःचा लिहायला घेतं. लिहावाच, त्याशिवाय चिप कळत नाही. फक्त सगळे एकाच खड्ड्यात ओळीने पडतात, आणि तो खड्डा म्हणजे डीकोड टेबल: कोणत्या बाइटचा अर्थ कोणती सूचना, तिच्यामागे किती बाइट, आणि ते कशासाठी. (खाली कोडमधले बाइट आणि पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर (० ते ९, मग ए ते एफ) आहेत, मोजदाद साधी दशमान.)

पहिली चूक, टेबल हाताने टाइप करणं. "२५६ च तं ओळी हायेत काका, आज रातीच टाकतो." टाकतातही. चौदाव्या ओळीला कंटाळा येतो, साठाव्या ओळीनंतर कॉपी-पेस्ट सुरू होतं, आणि नव्वदीत कुठेतरी एक ओळ सटकते की पुढचं सगळं एक घर खाली. आजकाल तर मोबाइलवर एआयला सांगून अख्खं टेबल मागवतात. ते दिसायला इतकं देखणं असतं की तपासावंसंच वाटत नाही.

मी टेबल लिहीत नाही, नमुने लिहितो. '११०११ आणि पुढे तीन बिटं रजिस्टरची' अशी एक ओळ, आणि पायथनची छोटी स्क्रिप्ट त्यातून डीजेएनझेडची (एक वजा कर, शून्य नसेल तर उडी मार) आठ घरं भरते. भरलेल्या घरात दुसरा नमुना शिरू पाहिला की स्क्रिप्ट जागीच थांबते, इशारा देऊन पुढे जात नाही. इशारे कोणी वाचत नाही, मीही नाही. शेवटी ती मोजणी करते: ८०५१ मध्ये एका बाइटच्या सूचना १४०, दोन बाइटच्या ९१, तीन बाइटच्या २४, आणि ए५ हे एकच घर रिकामं. बेरीज २५६. हे चार आकडे जुळल्याशिवाय मी पुढचं काही पाहत नाही. तुमचे जुळत नसतील तर मला फोन करायच्या आधी नमुने पुन्हा वाचा.

आता ८५ या बाइटबद्दल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझे पैसे गेले आहेत.

८०५१ मध्ये सूचनेत ज्या क्रमाने नावं लिहिली जातात, त्याच क्रमाने मागचे बाइट येतात, असं कोणालाही वाटतं. ७५ ३० ०ए म्हणजे 'मूव्ह ३०, #०ए'. आधी जिथे ठेवायचं ती जागा, मग किंमत. बरोबर. तीन बाइटच्या २४ पैकी २३ सूचना अशाच सरळ वागतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये तसा नियमच टाकावासा वाटतो. मीही टाकला. पण चोविसावी, म्हणजे ८५, उलटी आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेताना आधी कुठून घ्यायचं तो बाइट येतो, मग कुठे ठेवायचं तो. ८५ ३० ४० चा अर्थ 'मूव्ह ४०, ३०'. माझं टेबल म्हणत होतं 'मूव्ह ३०, ४०'.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. एका शेतकऱ्याचा ऑटो-स्टार्टर आला. बोअरचं पाणी तुटलं की आठ सेकंदांत मोटर बंद व्हायला हवी. त्याची वेळ कधी आठ, कधी काहीही. मी कोड काढला. ३० मध्ये सेटिंगची वेळ, ४० मध्ये उलटी मोजणी. मोटर सुरू होताना ८५ ३० ४०. माझ्या लिस्टिंगमध्ये (डिसअसेंब्लरने काढलेल्या सूचनांच्या यादीत) दिसलं की मोजणीचा आकडा सेटिंगवर लिहिला जातोय. म्हटलं, सापडला चोर! कंपनीवाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, बाइट अदलाबदल केले, चिप पुन्हा भरली.

तपासणी? केली की. डिसअसेंबल केलेला कोड माझ्याच असेंब्लरमधून (सूचनांचे पुन्हा बाइट करणारा प्रोग्राम) परत काढला, मूळ फाइलशी बाइटला बाइट जुळला. मग दुकानात शंभरच्या बल्बवर चालू-बंद करून पाहिलं. कोरड्या बोअरची चाचणी घेतली नाही, कारण गिऱ्हाईक घाईत होतं आणि मीही.

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती. उन्हाळी भुईमुगाला पाणी लावून माणूस झोपला. माझ्या 'दुरुस्ती'नंतर ४० मध्ये सेटिंग कधी पोचतच नव्हती, तिथे कायम शून्य. डीजेएनझेड आधी एक वजा करतं आणि मग शून्य झालं का ते बघतं. शून्यातून एक गेला की २५५, म्हणजे पुरे २५६ फेरे. सेकंदाला एक फेरा. आठ सेकंदांत थांबायची ती मोटर सव्वाचार मिनिटं कोरडी फिरली, स्टार्टरने अर्ध्या तासाने पुन्हा उठवली, पुन्हा सव्वाचार मिनिटं. सबमर्सिबलच्या बुशला आणि मोटरला पाण्याचाच आधार असतो. सकाळी सातला फोन: "भाऊ, मोटर जयली ना!" चेन-कप्पी लावून पंप वर काढला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. रिवायंडिंगचे पैसे मी दिले. मूळ दोष कोडात नव्हताच. सेटिंग साठवणाऱ्या इइप्रॉम चिपच्या एका पायाचा सोल्डर तडकला होता.

माझी ती बाइटला बाइट जुळणारी तपासणी म्हणजे चोरालाच साक्षीदार करणं. असेंब्लर आणि डिसअसेंब्लर एकाच टेबलातून निघालेले, दोघांची चूक एकच, मग जुळणारच. आता मी नमुन्यांच्या फाइलमध्ये बाइटचा क्रम वेगळ्या रकान्यात लिहितो, सरळ असला तरी. आणि तपासायला दुसऱ्याच्या हातचं हत्यार घेतो: एसडीसीसी या मोफत सी कंपायलरसोबत मिळणारा ८०५१ चा असेंब्लर. सगळ्या २५५ सूचना त्याला देतो, त्याच्या लिस्टिंग फाइलमधले बाइट माझ्या टेबलाशी ताडतो. क्रमाची चूक पकडायची तर दोन्ही जागांना वेगळे आकडे द्या. 'मूव्ह ३०, ३०' अशी चाचणी लिहिणारा महाभाग मी पाहिलाय.

उड्यांच्या सूचनांसाठी माझा एकच खिळा आहे: ८० एफई. ही स्वतःवरच उडी आहे, कोणत्याही पत्त्यावर ठेवली तरी तिने तोच पत्ता दाखवला पाहिजे. २५६ घरं पुढचा पत्ता आला तर तुम्ही ऋण चिन्ह खाल्लंत. दोन घरं मागचा आला तर अंतर सूचनेच्या सुरुवातीपासून मोजलंत. ते पुढच्या सूचनेपासून मोजायचं असतं. एजम्प या दोन बाइटच्या उडीचं दुखणं याच जातीचं, पण महिनोन्‌महिने लपून राहतं. तिच्यात पत्त्याची फक्त ११ बिटं असतात, वरची पाच पुढच्या सूचनेच्या पत्त्यातून घ्यायची. ०७एफई वर ०१ ०० ठेवा. उत्तर ०८०० आलं पाहिजे. ०००० आलं तर तुमच्या हिशेबाने प्रोग्राम आपोआप रीसेट होतोय.

झेड८० या जुन्या प्रोसेसरवरून येणारे १६ बिटांचे आकडे उलटे वाचतात. ८०५१ मध्ये ९० १२ ३४ म्हणजे सरळ १२३४. ए५ आला तर नुसता डेटा म्हणून छापा आणि एकच बाइट पुढे सरका, प्रोग्राम बंद पाडू नका. स्क्रिप्टने बनवलेली फाइल हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या वेळी स्क्रिप्ट ती पुसणारच आहे. रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरकडे वळणार असाल तर तिथे नमुने एकमेकांवर चढतात (आखूड सूचनांमध्ये सी-एलयूआय या सूचनेच्या जागेत रजिस्टर २ आलं की ती वेगळीच सूचना), म्हणून जास्त बिटं ठरलेला नमुना आधी तपासा.

आणि एक: प्रत्येक गोंधळ टेबलाचा नसतो. मागच्या महिन्यात पॉलिटेक्निकचं एक पोरगं दोन दिवस टेबल खोदत बसलं होतं. वजनकाट्याच्या कोडात त्याला दिसत होतं: एडीडीसी, इन्क, एएनएल, ओआरएल, दोन एक्सआरएल, मग आर५ मध्ये ०७ आणि आर७ मध्ये ६एफ. "काऊन करत असंन काका हे?" मी बाइट वाचायला सांगितले. ३एफ, ०६, ५बी, ४एफ, ६६, ६डी, ७डी, ०७, ७एफ, ६एफ. मग समोरच्या काट्याच्या डिस्प्लेकडे बोट दाखवलं. शून्य ते नऊ, सात दांड्यांच्या आकड्यांचं कोष्टक. शून्याला कोणत्या दांड्या पेटतात ते त्याने बोटांवर मोजलं, सहा आल्या, ३एफ मध्येही सहाच बिटं. मग त्या दहा बाइटांपुढे 'डेटा' लिहिलं आणि कोणता मूव्हसी (कोडमधून डेटा वाचणारी सूचना) इथे येतो ते शोधायला लागला.