तीन क्लायंट, एकच कोड: कॉपी न मारता कसं सांभाळायचं

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर नागपुरात तिघांकडे चालतं, कळमन्यात संत्र्याचा अडत्या, इतवारीत किराण्याचे होलसेलवाले शेठजी आणि हिंगणा एमआयडीसीत एक स्पेअर पार्टवाला. सुरुवातीला घाईत प्रत्येकासाठी अख्खा फोल्डरच कॉपी मारला, मग 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे रेट बदलले तेव्हा दोन फोल्डरमध्ये बदल केला आणि तिसरा राहून गेला. इतवारीत तुपावर 5 च्या जागी 12 टक्केच लागून राहिले होते, शेठजींचा फोन आला तेव्हा कळलं, अर्ध्या दिवसाची बिलं नव्याने बनवावी लागली. तुमच्याकडे असंच चालू असेल तर आजच बंद करा, मनापासून सांगतो.

आधी सगळ्यात ताजा फोल्डर मेन, म्हणजे मुख्य कोड, धरा आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) टाका, मग बाकीच्यांशी फरक दाखवणारी गिट डिफ कमांड लावा, --नो-इंडेक्स दिलं की रिपोबाहेरच्या (रिपो म्हणजे गिट सांभाळतो तो फोल्डर) फोल्डरशी पण जुळवून बघता येतं. मग एकेक फरक घेऊन बसायचं. लोगो, बिलाचा साईज, बिल नंबरची सिरीज हे कॉन्फिग फाईलमध्ये, एखादी सोय कुणाला हवी कुणाला नको असेल तर फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची सेटिंग, आणि हिशोबच वेगळा असेल तरच वेगळं मॉड्यूल, म्हणजे कोडचा स्वतंत्र भाग. पासवर्ड मात्र रिपोत टाकूच नका.

फ्लॅगला क्लायंटचं नाव देऊ नका, ही चूक फार जण करतात. अडत्याच्या पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशोबात, हमाली-तोलाई वजा होते, तिथे "क्लायंट कळमना असेल तर" लिहिलं की दुसरा अडत्या आला की अजून एक इफ, तिसरा आला की अजून एक. "हमाली_वजा" असा फ्लॅग ठेवा, ज्याला लागेल त्याच्या कॉन्फिगमध्ये चालू करा. टॅक्सचे रेट तर कोडमध्ये नकोच, टेबलमध्ये ठेवा आणि लागू तारखेसकट ठेवा, कारण ऑगस्ट 2025 चं तुपाचं बिल आज परत प्रिंट केलं तर त्यावर 12 च दिसायला पाहिजे.

क्लायंटच्या नावाची कायमची ब्रँच (गिटमधली कोडची वेगळी शाखा) पण नको, ती मेनपासून इतकी लांब जाते की मर्ज करताना, म्हणजे परत एकत्र आणताना, जीव जातो. रिलीज दिली की टॅग मारा, म्हणजे त्या व्हर्जनला गिटमध्ये नंबर द्या. जुन्या व्हर्जनवर अर्जंट दुरुस्ती आली तर त्याच टॅगवरून छोटी ब्रँच काढा, दुरुस्त करा, नवा टॅग मारा आणि त्याच दिवशी चेरी-पिक -एक्स (तेवढाच बदल उचलून आणणारी कमांड) करून मेनमध्ये आणा, -एक्स मुळे मूळ कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, नंबर मेसेजमध्ये राहतो. "उद्या आणू" म्हटलं की राहिलंच समजा.

दर पुशला, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवला की, टेस्ट तिन्ही कॉन्फिगवर चालल्या पाहिजेत. डेटाबेसची रचना सगळ्यांची एकच ठेवा, एखाद्यालाच लागणारा कॉलम बाकीच्यांकडे रिकामा राहू द्या, काही बिघडत नाही.

आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात टॅगचा नंबर दाखवा. फोन आला की आम्ही आधी तोच वाचायला सांगतो, मगच तक्रार ऐकतो.