महागडं कॅबिनेट घेताना या चुका टाळा

अडीच-तीन लाखांचं कॉम्प्युटर मशीन बांधायला निघालेला माणूस प्रोसेसरचा महिनाभर अभ्यास करतो, ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवर रोज नजर ठेवतो आणि कॅबिनेट मात्र फोटो पाहून पाच मिनिटांत ठरवतो. तेही सगळी खरेदी आटोपल्यावर, उरलेल्या पैशांत. "कॅबिनेट काय, डब्बाच तर आहे," हे नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) दुकानांत इतक्यांदा कानावर पडलंय की आता मी बोलणाऱ्याला तिथेच थांबवतो. प्रोसेसर चार-पाच वर्षांत जुना होतो, कार्ड त्याच्याही आधी विकलं जातं. चांगलं कॅबिनेट दोन-तीन मशीनं सहज पाहतं, कारण एटीएक्स मदरबोर्डाचं माप १९९५ पासून तेच आहे, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. म्हणून माझ्याकडे कुणी यादी घेऊन आला की मी कॅबिनेटची ओळ वर घेतो. आधी खोली पाहायची, मग कॅबिनेट, मग बाकीचं.

पुढून काच, आणि नागपूरचा मे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. समोर अख्खी काच, तिच्या मागे तीन रंगीत पंखे, आणि हवा आत यायला कडेला बोटभर फट. दुकानाच्या एसीत ते मशीन सुरेख दिसतं. पण पंखा हवा तयार करत नाही, मिळेल ती पुढे ढकलतो. समोरून वाटच बंद असेल तर ते तीन पंखे नुसतेच फिरतात.

इंटरनेटवर जे आकडे पाहून आपण कॅबिनेट निवडतो, ते बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी तीनला खोलीत ३८-४० अंश सहज असतात. पंखे तेवढ्याच वेगाने फिरत असतील, तर खोलीचं तापमान जितकं वाढतं जवळजवळ तितकंच आतल्या भागांचं वाढतं. परीक्षणात ७० दाखवणारं कार्ड आपल्याकडे ८५ ला पोचतं ते असं. ८३-८४ च्या आसपास बरीचशी कार्डं स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणजे दोन लाखांचं कार्ड घेऊनही तुम्हाला त्याचा पूर्ण वेग मिळत नाही.

प्रताप नगरमधल्या एका आर्किटेक्टचं मशीन असंच होतं. सकाळी रेंडर (डिझाइनचं खरंखुरं दिसणारं चित्र तयार करणं) नीट व्हायचं, दुपारी अडकायचं, कधी मशीन बंदच पडायचं. आधी कुणीतरी प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट बदलली. मग कुणीतरी प्रोसेसरवरचा पंख्याचा चांगला एअर कूलर काढून तीन पंख्यांचा, ३६० चा लिक्विड कूलर बसवला. मग दुकानदाराने कार्डावर संशय घेतला. मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "दादा, क्लायंटला उद्या वॉकथ्रू दाखवायचा आहे. कार्ड बदलू का? हे इतकं गरम काहून होते?" मी जाऊन एकच केलं. रेंडर चालू ठेवलं, तापमान स्क्रीनवर उघडं ठेवलं आणि बाजूची काच काढून बाजूला ठेवली. दहा मिनिटांत कार्ड ८७ वरून ७४ वर आलं. कार्डात खोट नव्हती, पेस्टमध्ये नव्हती, त्या नव्या लिक्विड कूलरची तर गरजच नव्हती.

मग पुढची काच काढली. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट मशीनच्या तोंडावर येत होता. ओलसर हवा, त्यात रस्त्याची धूळ, ताट्यांचा भुसा, सगळं फिल्टरवर बसून त्याची करडी चादरच झाली होती. नखाने टोक धरून ओढली तर अख्खा थर एका तुकड्यात निघून हातात आला. कोरडी धूळ ब्रशने उडते. कूलरसमोरची धूळ घट्ट बसते आणि धुतल्याशिवाय जात नाही.

नवीन जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घेतलं, तोच बोर्ड, तेच कार्ड त्यात हलवलं, मशीन कूलरच्या झोतातून बाजूला सरकवलं. त्रास संपला. त्यांनी लिक्विड कूलरवर घातलेल्या पैशांत ते कॅबिनेट आलं असतं, हे मी त्यांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगतोय.

खोलीतला कूलर वाईट नाही. खोली थंड करतो, म्हणजे मशीनचंही भलंच करतो. फक्त मशीनला थेट झोतात ठेवू नका. आणि मशीन तापतंय असं वाटलं की नवीन काही विकत घेण्याआधी बाजूचं झाकण काढून दहा मिनिटं पाहा. पाच-सात अंशांहून जास्त फरक पडला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे. तीन-चार अंशांतच खेळ असेल तर प्रोसेसरचा कूलर, पेस्ट, पंखे यांच्याकडे वळा. ही चाचणी फुकट आहे, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

जाळीचं म्हणजे कोणतं, हा पुढचा प्रश्न असतो. मला फ्रॅक्टल डिझाइनचं टॉरेंट आवडतं, पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखे असतात. लियान ली लॅनकूल २१६ मध्ये १६० चे दोन आहेत. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी. कोर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो साधं आहे, पण काम चोख. नाव कुठलंही घ्या, समोरून जाळी हवी आणि जाळीमागे निघणारा फिल्टर हवा. दोन बाजूंनी काच असलेली मत्स्यालयासारखी कॅबिनेटं घ्यायचीच असतील, तर खालून आणि बाजूने हवा घेणारे पंखे त्याच दिवशी विकत घ्या. ती बऱ्याचदा पंख्यांशिवाय येतात, आणि "पंखे नंतर घेऊ" म्हणणारा माणूस ते नंतर घेत नाही.

फिल्टर एका हाताने निघाला पाहिजे

दुकानात मी हे प्रत्यक्ष करून पाहतो. पुढचा, वरचा, खालचा, सगळे फिल्टर काढून परत बसवतो. खालचा एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) फिल्टर मागच्या बाजूने निघत असेल तर मी ते कॅबिनेट परत ठेवतो. टेबलाखालून अख्खं मशीन ओढून, मागे वाकून तो फिल्टर कुणीही धुत नाही. समोरून किंवा बाजूने सरकून निघणारा असेल तर हात जातो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायचा, पूर्ण वाळवायचा आणि मगच बसवायचा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर आठवड्याला पाहावा, तिकडे राखेचा बारीक थर बसतो.

हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा. तसं केलं की हवा फिल्टरमधूनच आत येते, नाहीतर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. तपासायचं असेल तर उदबत्ती पेटवून मागच्या स्लॉटच्या फटींजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर पुढचे पंखे वाढवा किंवा मागचे हळू करा.

टेप न लावता मागवणं

दुसरी माझी दुखरी नस. कॅबिनेटच्या माहितीत "कार्ड ३६० मिलिमीटरपर्यंत" असं लिहिलेलं असतं. कार्ड ३३६ चं. झालं, बसणार! मग पुढे लिक्विड कूलरचा ३६० चा रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) लावतात. रेडिएटरची जाडी साधारण २७ आणि पंख्याची २५, म्हणजे ५२ मिलिमीटर जागा गेली. उरले ३०८. कार्ड काही बसत नाही. काही रेडिएटर ३८ मिलिमीटर जाडीचे असतात, त्यांचं गणित आणखी बिघडतं. शिवाय "३६०" हे तीन पंख्यांचं माप आहे, रेडिएटर स्वतः ३९५-४०० मिलिमीटर लांब असतो. वर लावायचा असेल तर मदरबोर्डाच्या वरच्या कडेचे हीटसिंक आणि उंच रॅम आडवे येतात.

हिंगणा रोडच्या एका कॉलेजातला मुलगा नेमका याच गणितात अडकला होता. परत पाठवून दुसरं मागवायला आठ दिवस थांबावं लागलं असतं. त्याने थांबायचं नाही म्हणून आतला हार्ड डिस्कचा पिंजरा हॅक्सॉ ब्लेडने कापला, तोही बोर्ड आत बसवलेला असताना. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला, फुंकर मारून त्याने मशीन सुरू केलं. ठिणगीसुद्धा दिसली नाही, पण बोर्ड गेला. माझ्याकडे आणला तेव्हा रॅमच्या खाचेत भिंगाखाली चमकणारे कण दिसत होते. मुलगा हुशार होता, हातही चांगला होता. फक्त आठ दिवस थांबला नाही. अशा घाईत किती चांगले भाग वाया जातात हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

लांबी सगळे पाहतात, रुंदी कुणी पाहत नाही. मोठी कार्डं स्लॉटपासून बाजूच्या काचेच्या दिशेने १४०-१५० मिलिमीटर वर येतात. त्यावर सोळा पिनांचा पॉवर कनेक्टर. त्याची केबल निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊन मगच वळायला हवी. ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा नीट न बसलेले हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. काच लावताना केबल दाबून बसवावी लागत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. काच ढकलून "बसलं एकदाचं" म्हणू नका.

माझी सवय अशी आहे: एका कागदावर कार्डाची लांबी, रुंदी, जाडी, कूलरची उंची, रेडिएटरची पंख्यासकट जाडी आणि एसएमपीएसची लांबी लिहायची. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा कूलर १६५ मिलिमीटर उंच असतो, हे आठवणीवर सोडायचं नाही. मग प्रत्येक मापात २० मिलिमीटर मोकळे धरायचे. दुकानात गेलो तर खिशात टेप असतोच. बोर्डाच्या पाठीमागे केबलांसाठी किती जागा आहे तेही मोजतो. २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मागचं झाकण गुडघ्याने दाबून लावावं लागतं. त्याच वेळी बाजूचा पत्रा तळव्याने दाबून पाहा. महागड्या कॅबिनेटचा पत्रा लवता कामा नये.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या पद्धतीचं कॉम्प्युटर टेबल, ज्यात सीपीयूसाठी तीन बाजूंनी बंद कप्पा असतो, त्यात असलं मशीन ठेवू नका. मागची पाठ करवतीने कापून घ्या किंवा मशीन बाहेर काढा.

कॅबिनेटबरोबर "फुकट" मिळणारा एसएमपीएस महागड्या कार्डाला जोडू नका. यावर चर्चा नको.

बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे खुंटे) बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या. एक जरी जास्तीचा राहिला तर मागून शॉर्ट होऊ शकतो. मशीन सुरूच होत नसेल तर मी हेच आधी पाहतो.

पुढचं टाइप-सी पोर्ट चालत नाही, अशी तक्रार नेहमीची. कॅबिनेटला पोर्ट असून भागत नाही, बोर्डावर त्याची जागा लागते. आधी बोर्डाची माहिती उघडा. बोर्डाच्या पाठीमागे कनेक्टर असलेले नवे बीटीएफ बोर्ड घेणार असाल तर कॅबिनेटच्या पत्र्यात त्यांची भोकं आहेत का, तेही पाहा.

पंख्याची ज्या बाजूला चौकटीच्या दांड्या असतात, तिकडून साधारणपणे हवा बाहेर पडते. उलट पात्यांचेही पंखे मिळतात, म्हणून कागदाचा कपटा धरून खात्री करा.

कार्ड उभं लावण्याची हौस असेल तर काचेपासून त्याच्या पंख्यांना चांगलं अंतर मिळतंय का ते मोजा. काचेला चिकटलेलं कार्ड गुदमरतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कॅबिनेट बदलू नका. महाल-इतवारीच्या जुन्या घरांतून हा फोन हमखास येतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तुमच्या हातातून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तिसऱ्या पिनेत खरंच अर्थ आहे का ते तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. म्हणून पावसाळ्यात न येणाऱ्या झिणझिण्या एप्रिलमध्ये येतात. खड्ड्यात नियमित पाणी घालावं लागतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावून वेळ मारून नेणाऱ्यांना मी मशीन जोडून देत नाही.

बाजूची काच काढली की ती टाइल्सवर उभी ठेवू नका. टफन काच मधोमध दणका सोसते, पण कडेला टाइलचा कोपरा लागला की क्षणात चुरा होतो. गादीवर किंवा दुमडलेल्या सतरंजीवर आडवी ठेवा, आणि शेवटचा स्क्रू काढताना दुसरा हात काचेला लावलेला असू द्या.

आणि कॅबिनेटचं खोकं व त्यातला थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवा. नोकरी लागली की मुलं मशीन ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याला नेतात आणि दोन किलोचं कार्ड रात्रभर स्लॉटला हिसके देत जातं. निघण्याआधी कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात घाला, ते खोकं बसमध्ये स्वतःजवळ ठेवा, आणि कॅबिनेट त्याच्या थर्मोकोलमध्ये, बोर्ड खालच्या बाजूला येईल असं आडवं करून पाठवा.